दोन बंद लॅपटॉपांतून एक चालू



दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबची एखादी शाळा समजा, नाहीतर तुमचीच समजा. कपाटात एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप आहेत. एक बाकावरून पडला, त्याचा पडदा तडकला. दुसरा आकाशात वीज कडाडत असताना चार्जिंगला लावलेला होता, तो गप्प झाला तो झालाच. मुलांचे निकालपत्रक नेमके त्या गप्प झालेल्यात आहे. तेव्हा मनात येते, दोघांचा मिळून एक करू या की!

विचार चांगला आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांना एकच माप असावे असा आग्रह धरला. तोपर्यंत एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्याच्या नटात जाईलच असा भरवसा नव्हता. पण लॅपटॉपचे नाव एक असले म्हणजे पोटही एकच असते, असे मात्र नाही बरं का! एकाच नावाखाली कंपनी निरनिराळे पडदे घालते. कोणाच्या जोडणीला ३० पिना, कोणाच्या ४०. म्हणून पडद्यामागच्या चिठ्ठीवरचा क्रमांक जुळवून पाहा. रॅमचेही तेच. डीडीआर-३ ची खाच एका जागी, डीडीआर-४ ची दुसऱ्या. बसत नसेल तर जोर करू नका. पातळ यंत्रांत तर रॅम बोर्डालाच डाखलेली असते, ती निघायचीच नाही.

आधी चार्जर काढा, मग बॅटरीची जोडणी सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, ती पेटते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून आत हात घालण्यापूर्वी एखाद्या उघड्या लोखंडी वस्तूला हात लावा. स्क्रू वाटीत ओतू नका. पुठ्ठ्यावर यंत्राची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला, तर चांगला बोर्ड आपल्याच हाताने फुटतो.

नुसता पडदा सोलण्यापेक्षा अख्खे झाकण, बिजागऱ्या आणि तारेसकट, बदलणे पुष्कळदा सोपे पडते. त्यातून वायफायच्या दोन बारीक तारा येतात, त्या ओढून तोडू नका.

आता निकालपत्रकाकडे येऊ. डिस्क काढून चालू बोर्डाला लावली की काम झाले, असे वाटते. पण विंडोज १० आणि ११ च्या बऱ्याच यंत्रांत डिस्कला कुलूप असते, आणि त्याची किल्ली जुन्या बोर्डावरच्या एका चिपमध्ये असते. नव्या बोर्डावर पडदा उजळतो आणि ४८ अंकी क्रमांक मागतो! हा क्रमांक बहुधा ज्यांनी यंत्र प्रथम सुरू केले त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असतो. त्या गुरुजींची बदली झाली असेल, तर पेचकस हाती धरण्यापूर्वी त्यांना फोन करा. क्रमांक मिळेना, तर मेलेला बोर्ड भंगारात देऊ नका. निदान निकाल वाचण्यापुरता तो एखाद्या जाणकाराकडून जिवंत करता येतो का, हे पाहावे लागेल. आणि डिस्क नव्याने भरू का, असे यंत्राने विचारले, तर घाईत 'हो' म्हणू नका. माझ्या मते तर डिस्कला सर्वांत शेवटी हात लावावा.

वॉरंटी शिल्लक असेल तर यातले काहीच करू नका, सरळ कंपनीकडे न्या. उरलेले सुटे भाग नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून त्यासाठी देशात नवे नियम लागू आहेत.

एवढे झाले की पाठीचे झाकण नुसते टेकवा आणि यंत्र सुरू करा. पडदा आला, कळा चालल्या, वायफाय सापडले, की मग स्क्रू आवळायला बसा.