उपाशीची पाटी

(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



छत्तीस वर्षे मी मास्तरकी केली. पोरांच्या चुकांवर लाल रेघ ओढली. आज स्वतःच्या चुकीवर ओढणार आहे.

माझी नात तेव्हा चार वर्षांची होती. खेळताना लवकर दमायची. सारखा खोकला, सारखा ताप. अंगाने भरत नव्हती. आम्ही म्हणायचो, "लेकरू नाजूकच आहे." मग तुळजापुरात तिच्या अंगणवाडीत सरकारी डॉक्टर तपासणीला आले. हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "गुरुजी, हिच्या काळजाचा आवाज वेगळा येतोय. पुढे दाखवा."

तिच्या काळजाला भोक निघाले. काळजात चार खण असतात. मधल्या भिंतीला भोक असले, की शुद्ध रक्त पुढे न जाता पुन्हा फुफ्फुसाकडे वळते. विहिरीवरची मोटार दिवसभर चालते, पण पाट फुटून निम्मे पाणी परत विहिरीतच पडते. मोटार तापते आणि पीक वाळते. तसेच हे.

योजनेतून मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली. आदल्या रात्री सिस्टरने खाटेला पाटी लावली: 'उपाशी ठेवा'. पहाटे पाच वाजता नात रडू लागली. "आजोबा, भूक." सूनबाई जरा डोळा लागून पडली होती. मला राहवले नाही. दोन बिस्किटे दिली.

शेजारच्या खाटेपाशी एक बाई बसल्या होत्या. त्या नुकत्याच अक्षरे शिकल्या होत्या. त्यांनी बोट ठेवून वाचले, "उ... पा... शी. गुरुजी, पाटीवर उपाशी लिवलंय न्हवं?"

मंडळी, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मनात आले, दोनच तर बिस्किटे, गप्प बसावे. त्या म्हणाल्या, "सांगा की सिस्टरला. लेकराचा जीव हाय."

मी सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "सांगितलंत हे फार चांगलं केलंत." गुंगीच्या औषधाने घसा सैल पडतो. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन श्वासनळीत जाते आणि लेकरू दगावू शकते. म्हणून जड खाणे किमान सहा तास आधी बंद करतात. त्या दिवशी आमची पाळी गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली.

काळीज थांबवून शिवायचे, तेवढा वेळ रक्त फिरवायला यंत्र असते. अमेरिकेतील डॉक्टर गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी असे यंत्र लावून एका अठरा वर्षांच्या मुलीच्या काळजातले भोक बुजवले होते. आमच्या नातीचेही तसेच बुजवले.

पाच तासांनी तिला काचेतून पाहिले. तोंडात श्वासाची नळी, छातीतून पाणी काढायच्या नळ्या. सूनबाईने भिंत धरली. सिस्टर म्हणाली, "नळ्या बघून घाबरू नका. एकेक नळी निघेल, तसं लेकरू बरं होतंय असं समजा." दुसऱ्या दिवशी तोंडातली नळी निघाली. पहिला शब्द घोगरा आला, "आई." चौथ्या दिवशी ती बोट धरून चालली. साबणाचे फुगे फुंकायला दिले होते. तो खेळ नव्हे, फुफ्फुसाचा व्यायाम.

घरी आल्यावर खरी परीक्षा. छातीचे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर लेकराला काखेत हात घालून उचलू नये. एक हात मानेखाली, दुसरा कुल्ल्याखाली द्यावा. जखम कोरडी ठेवावी. हळद, राख, तेल काही लावू नये. ताप आला, जखमेतून पू आला, धाप लागली किंवा लेकरू निळसर दिसले, तर तडक दवाखाना गाठावा.

नात रात्री दचकून उठे, अंथरूण ओले करी. आम्ही रागावलो नाही. भीती ओसरली तशी सवयही गेली.

नवरात्र आले. आमच्या घरची मंडळी म्हणाली, "नवस बोललेय, दर्शनाला नेऊ." मी म्हटले, "अहो, गर्दीत धक्का लागेल. आई भवानी थांबेल, हाड थांबणार नाही." मार्गशीर्षात गर्दी नसताना गेलो. पायऱ्या ती स्वतः उतरली. दमली नाही.

मंडळी, तुम्ही म्हणता, या वयात अक्षरे शिकून काय करायचे? त्या बाईंना एकच शब्द वाचता आला. मला सगळे वाचता येत होते, तरी मी वाचले नाही. म्हणून वाचायला शिका, आणि वाचलेले पाळा.

रामराम.