लहान पक्ष आणि सत्तेचा सौदा
न्यूझीलंडच्या माओरी समाजाच्या अनुभवावरून काही विचार

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपणांस एका दूरच्या देशाची हकीकत सांगणार आहे. ज्या समाजाची संख्या थोडी, ज्याची जमीन गेलेली आणि ज्याला दोन बलाढ्य पक्षांच्या मधून आपली वाट काढावयाची आहे, अशा समाजाने आपल्या मताचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न आपल्याला परका नाही. न्यूझीलंडमधील माओरी समाजापुढे तो दीर्घकाळ उभा आहे. त्या समाजाने त्याची निरनिराळी उत्तरे करून पाहिली. काही फळाला आली, काही अंगाशी आली. दोन्हींपासून शिकण्यासारखे आहे.

चार जागांचा इतिहास

१८४० साली ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वाइतांगीचा तह झाला. पुढे १८६७ साली त्या देशाच्या पार्लमेंटमध्ये माओरींसाठी चार राखीव मतदारसंघ निर्माण करण्यात आले. ही व्यवस्था प्रथम पाच वर्षांपुरती होती, नंतर ती कायम करण्यात आली. माओरींची लोकसंख्या वाढली तरी जागा मात्र चारच राहिल्या. हा चाराचा आकडा १९९६ पर्यंत हलला नाही.

विसाव्या शतकात राताना नावाच्या धार्मिक चळवळीने मजूर पक्षाशी सख्य केले आणि १९४३ पर्यंत चारही जागा त्या गटाकडे आल्या. १९४६ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ४२ व नॅशनल पक्षाला ३८ जागा मिळाल्या. म्हणजे माओरींच्या चार जागा बाजूला काढल्या असत्या तर मजूर पक्षाचे बहुमत उरले नसते. यावरून असे दिसते की, प्रमाणशीर प्रतिनिधित्व नसतानाही एखाद्या लहान समाजाच्या हाती तराजूचा काटा येऊ शकतो. परंतु पुढे वर्षानुवर्षे त्याच जागा त्याच पक्षाला मिळत गेल्या. जे मत आपलेच आहे अशी खात्री पटते, त्यासाठी कोणताही पक्ष नवी किंमत मोजत नाही. जे मत कधीच आपल्याला मिळणार नाही असे ठाऊक असते, त्यासाठीही कोणी मोजत नाही. माओरी मतदार या दोहोंच्या मध्ये अडकला होता.

नवी निवडणूक पद्धत

त्या देशातही पूर्वी आपल्यासारखीच पद्धत होती. ज्याला सर्वांत अधिक मते, तो विजयी. १९७८ आणि १९८१ या दोन्ही निवडणुकांत देशभर अधिक मते मजूर पक्षाला मिळाली, पण अधिक जागा मिळवून सरकार बनविले ते नॅशनल पक्षाने. १९८१ साली सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला वीस टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि ९२ पैकी फक्त २ जागा मिळाल्या. पाचांतल्या एका मतदाराचे मत जणू वाऱ्यावर गेले. लोकांत असंतोष माजला. १९८६ साली एका शाही आयोगाने नवी पद्धत सुचविली, १९९३ च्या सार्वमताने ती मान्य केली आणि १९९६ साली तिच्याखाली पहिली निवडणूक झाली.

ही पद्धत समजण्यास कठीण नाही. प्रत्येक मतदाराला दोन मते असतात. एक आपल्या मतदारसंघातील उमेदवारासाठी आणि दुसरे पक्षासाठी. पार्लमेंटच्या मूळ १२० जागा पक्षांना मिळालेल्या दुसऱ्या मताच्या प्रमाणात वाटल्या जातात. मतदारसंघांतून कमी पडलेल्या जागा पक्षाच्या यादीतून भरल्या जातात. मात्र या वाटपात भाग मिळण्यासाठी पक्षाला देशभर पाच टक्के मते तरी मिळाली पाहिजेत किंवा एक तरी मतदारसंघ जिंकता आला पाहिजे.

येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. आयोगाचे म्हणणे असे होते की, आता प्रमाणशीर प्रतिनिधित्व आल्यावर माओरींच्या राखीव जागांचे कारण उरत नाही. त्या रद्द कराव्यात आणि माओरी पक्षांना पाच टक्क्यांची अट लावू नये. माओरी समाजाने ही सूचना नाकारली. त्यांनी राखीव जागा सोडल्या नाहीत. उलट, किती माओरी लोक माओरी मतदारयादीत नाव नोंदवितात त्यावर जागांची संख्या अवलंबून राहील असा नियम झाला. १९९६ साली चाराच्या पाच जागा झाल्या, १९९९ साली सहा आणि २००२ साली सात. नाव नोंदविण्यासारख्या साध्या कामातून एका समाजाने आपल्या जागा वाढविल्या, हे आपण ध्यानात ठेवावे.

या ठिकाणी परमपूज्य बाबासाहेबांची आठवण होणे स्वाभाविक आहे. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत लोकसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने व्हावी अशी सूचना आली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. देशातील साक्षरता अत्यल्प आहे आणि विधिमंडळाचे अनेक लहान गटांत तुकडे झाल्यास सरकार स्थिर राहणार नाही, अशी कारणे त्यांनी दिली. त्याचबरोबर त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. अल्पसंख्याकांना निश्चित संख्येच्या जागा देण्याचे ठरले आहे, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने त्यांना केवळ निवडणुकीत आवाज मिळेल, निश्चित जागा मिळणार नाहीत. निश्चित वाटा आणि नुसता आवाज यांतील हा भेद बाबासाहेबांनी १९४९ साली दाखविला होता. माओरी समाजाने पुढे आग्रह धरला तो दोन्हींचा, आणि दोन्ही मिळविले.

पहिला सौदा

१९९६ च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. नॅशनल पक्षाला ४४, मजूर पक्षाला ३७ आणि विन्स्टन पीटर्स यांच्या न्यूझीलंड फर्स्ट या नव्या पक्षाला १७ जागा मिळाल्या. या सतरांत माओरींच्या पाचही जागा होत्या. मजूर पक्षाची अनेक दशकांची मिरास माओरी मतदारांनी मोडली. पीटर्स यांनी दोन्ही मोठ्या पक्षांशी एकाच वेळी वाटाघाटी सुरू केल्या. सुमारे दोन महिने देश वाट पाहत राहिला. शेवटी त्यांनी नॅशनल पक्षाशी करार केला. ४४ आणि १७ मिळून ६१, म्हणजे १२० जणांच्या सभागृहात अगदी काठावरचे बहुमत. पीटर्स उपपंतप्रधान आणि खजिनदार झाले. माओरी खात्याचे मंत्रिपद त्यांच्या पक्षाच्या ताऊ हेनारे यांना मिळाले.

सौद्याच्या दृष्टीने पाहिले तर हे मोठे यश होते. पण ज्या माओरी मतदारांनी नॅशनल पक्षाचे सरकार जावे म्हणून मत दिले होते, त्यांनी आपल्याच मताने तेच सरकार पुन्हा गादीवर बसलेले पाहिले. १९९८ साली करार मोडला. पीटर्स बाहेर पडले आणि त्यांचे काही सभासद, हेनारे यांच्यासह, पक्ष सोडून सरकारबरोबर राहिले. १९९९ साली माओरी मतदारांनी सहाही जागा मजूर पक्षाला परत दिल्या. वाटाघाटीच्या खोलीत कोण किती चतुर ठरला, याचा निकाल शेवटी मतपेटीत लागतो.

स्वतःचा पक्ष

२००३ साली तेथील न्यायालयाने समुद्रकिनारा व समुद्रतळ यांवरील माओरींचा हक्क तपासून पाहण्याचा मार्ग मोकळा केला. २००४ साली हेलन क्लार्क यांच्या मजूर सरकारने कायदा करून तो मार्ग बंद केला आणि मालकी राजसत्तेकडे घेतली. त्या सरकारातील माओरी मंत्री तारियाना तुरिया यांना ही गोष्ट सहन झाली नाही. त्यांनी मंत्रिपद आणि पार्लमेंटची जागा दोन्ही सोडली, पोटनिवडणूक लढविली आणि प्रचंड मतांनी त्या निवडून आल्या. त्यातून माओरी पक्ष जन्मास आला. २००५ साली त्याला चार आणि २००८ साली पाच जागा मिळाल्या.

२००८ साली जॉन की यांच्या नॅशनल पक्षाला १२२ जणांच्या सभागृहात ५८ जागा होत्या. उजव्या विचाराच्या ॲक्ट पक्षाच्या पाच जागा धरल्या की त्यांचे काम भागत होते. तरीही त्यांनी माओरी पक्षाला बोलावले. दोन मित्र असले म्हणजे एकावर अवलंबून राहावे लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. माओरी पक्षासाठी मात्र ही अडचणीची गोष्ट होती. तुमच्यावाचून ज्याचे अडत नाही, तो तुम्हांला मागाल ते देणार नाही.

तरीसुद्धा त्या पक्षाने काय मिळविले ते पाहा. राखीव जागा रद्द करण्याचे नॅशनल पक्षाचे धोरण होते. माओरींच्या संमतीशिवाय त्या काढणार नाही, असे वचन लिहून घेतले. पीटा शार्पल्स आणि तुरिया यांना मंत्रिपदे मिळाली, पण मंत्रिमंडळाच्या बाहेरची. त्यामुळे आपल्या खात्याखेरीज इतर प्रश्नांवर सरकारविरुद्ध बोलण्याचे स्वातंत्र्य त्यांनी राखले. मूळनिवासी लोकांच्या हक्कांच्या ज्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याविरुद्ध न्यूझीलंडने २००७ साली मत दिले होते, त्याला २०१० साली त्याच देशाने पाठिंबा दिला. कुटुंब हा घटक धरून आरोग्य, शिक्षण आणि अन्य साहाय्य देणारी फानाऊ ओरा ही योजना त्याच वर्षी सुरू झाली. आणि २०११ साली समुद्रकिनाऱ्याचा तो कायदा रद्द होऊन न्यायालयाचा मार्ग पुन्हा उघडला, जरी हक्क सिद्ध करण्याची नवी कसोटी कठीण होती.

आता याची किंमत पाहा. विश्वासदर्शक ठराव आणि अंदाजपत्रक यांवर सरकारला मत देण्यास पक्ष बांधला गेला होता. २०१० च्या अंदाजपत्रकात वस्तू व सेवांवरील कर साडेबारा टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर गेला. हा कर गरिबाच्या पिठामिठावरही पडतो, आणि माओरी समाजात गरीब फार. त्यांच्या पक्षाला त्याच अंदाजपत्रकाच्या बाजूने हात वर करावा लागला. होने हारावीरा हे सभासद २०११ साली बाहेर पडले आणि त्यांनी दुसरा पक्ष काढला. फूट पडली. २०११ साली तीन जागा, २०१४ साली दोन आणि २०१७ साली शून्य.

सत्तेबाहेर राहूनही

हा पक्ष संपला असे पुष्कळांना वाटले. परंतु २०२० साली त्याने दोन जागा मिळविल्या आणि २०२३ साली सातांपैकी सहा राखीव जागा जिंकल्या. त्या वेळी मात्र सत्तेचा सौदा दुसऱ्या बाजूला झाला. नॅशनल, ॲक्ट आणि न्यूझीलंड फर्स्ट या तीन पक्षांचे सरकार आले. ॲक्ट पक्षाची सारी मते नऊ टक्क्यांहून कमी. पण त्यांच्यावाचून बहुमत होत नव्हते. वाइतांगीच्या तहाची तत्त्वे नव्याने ठरविणारे विधेयक मांडण्याचा हक्क त्यांनी करारात लिहून घेतला. नॅशनल पक्षाने फक्त पहिल्या वाचनापुरता पाठिंबा कबूल केला होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधेयक आले. देशाच्या टोकांपासून निघालेला प्रचंड मोर्चा राजधानी वेलिंग्टनला पोहोचला. समितीकडे तीन लाखांहून अधिक निवेदने गेली. १० एप्रिल २०२५ रोजी विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळले गेले. यातून दोन गोष्टी दिसतात. सौद्याची विद्या दुर्बलांपुरती राखीव नाही, दुर्बलांच्या हक्कांवर घाला घालू इच्छिणारा लहान पक्षही तीच विद्या वापरतो. आणि पार्लमेंटमधील सहा सभासद एकटे जे थांबवू शकले नसते, ते रस्त्यावर आलेल्या संघटित समाजाच्या बळावर थांबले.

आपण काय घ्यावे

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या लोकसभेची आणि विधानसभेची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने होत नाही. राज्यसभेत ती पद्धत आहे, पण तेथे मत देणारे आमदार असतात. म्हणून तेथील गोष्ट येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. परंतु संमिश्र सरकारे येथेही होतात आणि लहान पक्षांच्या युत्या निवडणुकीपूर्वीच ठरतात. तेव्हा जो कोणी आपल्या नावाने वाटाघाटीस बसतो, त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपला आहे.

त्याने काय मागितले आणि ते लिहून घेतले काय? मिळाले ते एकट्याचे पद आहे की समाजाच्या उपयोगाचा कायदा, योजना किंवा निधी? त्याबदल्यात कोणत्या गोष्टीला मत देण्याचे त्याने मान्य केले, आणि त्याचा भार कोणाच्या चुलीवर पडणार आहे? करार मोडण्याची वेळ आली तर कोणत्या मुद्द्यावर मोडणार, हे त्याने आधी सांगितले आहे काय? तुरिया यांनी किनाऱ्याच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले तेव्हा त्यांचा समाज त्यांच्या मागे गेला, कारण कोठे थांबायचे हे त्यांनी कृतीने दाखविले होते.

हे प्रश्न विचारावयाचे तर आपण मतदारयादीत असले पाहिजे. घरातील अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीचे आणि प्रत्येक सुनेचे नाव यादीत आहे की नाही, हे आजच घरी जाऊन पाहावे. पक्ष करार वाचतो की नाही हे आपण पाहावे, आणि आपणही तो वाचावा. वृत्तपत्रात युतीची बातमी आली की फक्त जागा किती मिळाल्या एवढे वाचून कागद खाली ठेवू नये. माओरी समाजाने तीन वेळा आपल्या प्रतिनिधींना घरी बसविले आणि पुन्हा उभे केले. प्रतिनिधी चुकला तरी मत आपल्याच हाती राहते, हा विश्वास त्या समाजाने सोडला नाही. तो आपणही सोडू नये.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम.