पिवळी गाडी आणि आपली कार्यशाळा
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



टेबलावरची ही गाडी बघून सकाळपासून सगळे विचारताहेत, "बुलेट ट्रेन पांढरी असते ना, ही पिवळी कशी?" सांगतो. ही प्रवाशांची गाडीच नाही. जपानमध्ये हिला 'डॉक्टर येलो' म्हणतात. तोक्यो ते हाकाता मार्गावरचे रूळ आणि विजेच्या तारा तपासायचं हिचं काम. डबे सात, वेग ताशी 270 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 75 मीटर! एवढ्या वेगात चौथ्या डब्यातली यंत्रणा लेसरने रूळ कुठे किती सरकला ते मोजते. वेळापत्रक जाहीर करत नाहीत, म्हणून ती दिसली की दिवस चांगला जातो अशी तिथे समजूत. आपल्याकडे भारद्वाज दिसला की म्हणतात ना, तसंच. अशा दोन गाड्यांपैकी एक जानेवारी 2025 मध्ये निवृत्त झाली. माझ्या पाठोपाठच म्हणा!

सातपूरच्या एमआयडीसीत माझी हयात लेथवर गेली. पण या गाडीचं नाक लेथवर होत नाही, कारण ते गोल नाही, बदकाच्या चोचीसारखं चपटं आहे. ॲल्युमिनियमचा ठोकळा शिकंज्यात धरून कानशीनेच घासावं लागलं. आठवीत सरांनी "कानस ढकलताना दाब, ओढताना नाही" हे इतक्यांदा सांगितलं होतं, की हात आपोआप चालला.

प्रमाण मुद्दाम 1:100 घेतलंय. मीटरचा सेंटिमीटर, मुलांना हिशेब सोपा. खरा मधला डबा 25 मीटर, इथे 25 सेंटिमीटर. रुळांतलं अंतर तिकडे 1435 मिलिमीटर, म्हणून इथे 14.35. शेजारी आपल्या नाशिकरोडच्या ब्रॉडगेजचा तुकडाही ठेवलाय, 1676 चा 16.76. आणि गंमत बघा, खऱ्या रुळातला एक मिलिमीटरचा दोष इथे 0.01 होतो. आपल्या 0.02 च्या व्हर्नियरला तो सापडायचाच नाही!

आपला एक वर्गमित्र समोर बसलाय. कसारा घाटात कीमन होता. ऊन असो, धुवाधार पाऊस असो, पाना-हातोडा घेऊन रोज रुळावरून चालायचा. मॉडेल बघून म्हणाला, "हे सगळं ठीक, पण चूक सापडल्यावर दुरुस्त कोण करतं?" प्रश्न बरोबर आहे. तिथेही रात्री गाड्या थांबल्यावर माणसंच रुळावर उतरतात.

मुंबई-अहमदाबादची 508 किलोमीटरची लाइन आज ना उद्या धावेल. तिचे रूळ तपासणारी, दुरुस्त करणारी मुलं कुठून येणार? आपल्या शाळेच्या कार्यशाळेला तर कुलूप आहे, शिकंजे गंजलेत. म्हणून मुख्याध्यापकांना विनंती, हे मॉडेल कार्यालयातल्या काचेच्या कपाटात नको. कार्यशाळा उघडा, तिथे ठेवा. शनिवारी सकाळी मी येईन. कीमनसाहेबही तयार आहेत, त्यांना मघाशीच विचारलंय. आणखी दोघं-तिघं लागतील. जेवणाआधी नावं द्या.

मुलांनी हाताळून काही मोडलं तर मोडू दे. चौथ्या डब्याचं छत चार स्क्रूंवर आहे, आणि स्क्रूड्रायव्हर पेटीतच ठेवलाय.