तराजू कोणाच्या हाती?



आजचा विषय साहित्याचा नाही, असे काहींना वाटेल. पण हैदराबादेत आपण पिढ्यानपिढ्या मराठी राहिलो ते संस्थांच्या आधाराने. शाळा, ग्रंथालय, परिषद, मंडळ ही आपली घरेच आहेत. म्हणून संस्थेने आपल्याच सभासदांच्या धंद्यात उतरावे का, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. मी डॉक्टर माणूस. औषधांचा बाजार मला जवळून दिसतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

२००६ साली आपल्याच शहरात मेडप्लस सुरू झाली. अशी साखळी दुकाने एकगठ्ठा माल उचलतात आणि गिऱ्हाइकाला सूट देतात. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला ते झेपत नाही. त्याला भरवसा संघटनेचा. देशपातळीवर ती ऑल इंडिया ऑर्गनायझेशन ऑफ केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स, म्हणजे एआयओसीडी, आणि महाराष्ट्रात राज्य संघटना, एमएससीडीए. साखळ्यांपुढे टिकायचे तर आपणही एकत्र येऊन व्यापार करावा, हा विचार स्वाभाविक आहे. संघटनेतल्या मंडळींच्या पुढाकाराने दोन कंपन्या उभ्या राहिल्या. एकीचे नाव ऑल इंडियन ओरिजिन केमिस्ट्स अँड डिस्ट्रिब्यूटर्स लिमिटेड, दुसरीचे महाराष्ट्र सेफ केमिस्ट्स अँड डिस्ट्रिब्यूटर्स अलायन्स लिमिटेड. आद्याक्षरे जुळवून पाहा. संघटनेची आणि कंपनीची अक्षरे तीच.

हेतू चांगला होता असे धरून चालू. तरी एक गोष्ट उरते. संघटनेचे सभासद केवळ किरकोळ दुकानदार नाहीत. घाऊक विक्रेतेही, ज्यांना आपण स्टॉकिस्ट म्हणतो, त्याच संघटनेत असतात. वितरणाची कंपनी निघाली की ती त्यांच्याच गिऱ्हाइकाकडे जाणार. शिवाय यांतल्या पहिल्या कंपनीच्या भागीदारीत एआयओसीडी अवॅक्स ही कंपनी निघाली. स्टॉकिस्टांकडून विक्रीचे आकडे गोळा करून ती औषध कंपन्यांना बाजाराची माहिती विकू लागली. सभासदाच्या वहीतला आकडाही विकाऊ माल झाला.

एवढ्यावर थांबले असते तर सभासद म्हणाला असता, मला नको तुमची कंपनी. पण दाराची किल्लीही संघटनेकडेच होती. नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर स्थानिक संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. नवे औषध बाजारात आणायचे तर संघटनेच्या पत्रिकेत त्याची माहिती पैसे भरून छापायला हवी. घाऊक विक्रेत्याला किती टक्के सुटावे आणि किरकोळ दुकानदाराला किती, तेही संघटनेने ठरवायचे. भारतीय स्पर्धा आयोगाने गोव्याच्या औषधविक्रेता संघटनेविरुद्ध २०१२ साली निकाल दिला. कटकच्या एका व्यापारी पेढीच्या तक्रारीवर १९ फेब्रुवारी २०१३ रोजी एआयओसीडीलाही सुमारे ४७ लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि या प्रथा बंद करण्यास सांगितले.

ना हरकत देताना कंपनीचा फायदा पाहिला गेला, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच, की ज्याचा अर्ज अडला त्याला खरे कारण कधीच कळणार नाही. सभासदाच्या मनात संशयाला जागा राहिली, तिथेच संघटना अर्धी संपते.

गंमत म्हणजे त्याच महिन्यात, २८ फेब्रुवारीला, युरोपीय न्यायालयाने पोर्तुगालच्या हिशेबनीसांच्या व्यावसायिक संस्थेबद्दल असाच निकाल दिला. तिथे या संस्थेचे सभासद झाल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. संस्थेने सभासदांना दरवर्षी प्रशिक्षण सक्तीचे केले, त्यातला एक भाग फक्त आपणच शिकवायचा असे ठरवले, आणि उरलेला भाग इतर कोणी शिकवायचा तर आपली मंजुरी घ्या, शुल्क भरा, असा नियम केला. न्यायालयाने सांगितले की नियम करणारी संस्था स्वतः त्या बाजारात विक्रेता असेल, तर स्पर्धेचा कायदा तिलाही लागू आहे.

तुम्ही मला विचाराल, डॉक्टर, तुम्ही तरी वेगळे काय करता? रास्त प्रश्न आहे. आम्ही होमिओपॅथ बहुधा चिठ्ठी लिहून देत नाही, दवाखान्यातूनच गोळ्या देतो. सल्ला देणारा आणि औषध देणारा एकच. पण माझा पेशंट न पटल्यास उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, मी त्याला अडवू शकत नाही. सभासदाला मात्र दुसरी संघटना नसते.

आम्हा जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक मापाचा आहे : देण्याचे माप लहान आणि घेण्याचे मोठे ठेवणे. चोरी म्हणजे कुलूप फोडणे एवढेच नव्हे, माप हाती असणाऱ्याने दोन मापे बाळगणे हीसुद्धा चोरी. जी संस्था सकाळी नियम करते आणि दुपारी दुकान मांडते, तिच्या हाती दोन मापे आपोआप येतात. माणसे प्रामाणिक असली तरी येतात.

मग संस्थेने व्यवहारच करू नये का? तसे नाही. जिथे एकटा सभासद पोहोचू शकत नाही, तिथे संस्थेने जरूर जावे. जिथे सभासद आधीच पोट भरतो आहे, तिथे तिने त्याच्यासमोर दुकान मांडू नये. मांडायचेच असेल तर हिशेब वेगळा ठेवावा, पदाधिकारी आणि संचालक तेच नसावेत, संस्थेची सेवा घेतली नाही म्हणून कोणाचे काम अडू नये, आणि वार्षिक सभेत पै-पैचा जाब द्यावा.

आपली साहित्यसंस्था याच कसोटीवर पाहा. हैदराबादेत मराठी पुस्तक छापायला कोणी प्रकाशक रांग लावून उभा नाही. तेव्हा संस्थेने सभासदांची पुस्तके काढणे योग्यच. पण ज्या संस्थेने पुस्तक काढले तिनेच पारितोषिकाचे परीक्षक नेमले, तर बाहेर छापलेल्या लेखकाच्या मनात काय येईल? त्याला शंका येण्याआधी नियम करणे आपल्या हातात आहे. पुढच्या वार्षिक सभेत कोणी हा प्रश्न विचारला, तर त्याला संस्थेचा विरोधक समजू नका. संस्था आपली वाटते, म्हणूनच तो विचारतो आहे.