एकच पातेले, सर्वांचे जेवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही दूध-तूप न घालता शेवयांचे जेवण करता, त्याविषयी चार शब्द बोला." मला भाषणाची सवय नाही, पातेल्याची आहे. तेव्हा ओट्यापाशी उभी राहून बोलते तशीच इथे बोलणार आहे.

हल्ली एखाद्या घरी कोणाला दूध पचत नाही, तर एखाद्या घरी मुलगा किंवा सून जनावरांपासून आलेले काहीच खात नाही. दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. याला 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन नावाच्या गृहस्थांनी व त्यांच्या मंडळींनी रूढ केला. शब्द परका असला तरी जेवण परके नाही. भाकरी, ठेचा, झुणका आणि तेलाच्या फोडणीची पालेभाजी यांत दूध-तूप कुठे असते? ज्या घरांत तूप सणासुदीलाच दिसे, त्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच खाल्ले.

माझ्या मुलीने दूध-तूप सोडले तेव्हा आमच्या घरी मोठाच पेच पडला. सासूबाई म्हणाल्या, "तुपाशिवाय पोरीच्या अंगात ताकद कुठून येणार?" मुलगी म्हणाली, "आजी, मला आग्रह करू नकोस." दोघींचा अबोला झाला, आणि दोन स्वयंपाक मात्र माझ्या गळ्यात पडले. एकासाठी वेगळे पातेले चढले की बाईचा अर्धा तास गेला, गॅस जळला आणि भांडी वाढली. तेव्हा मी ठरवले, आठवड्यातून तीन दिवस तरी असे एकच पातेले चढवायचे, की त्यातले घरातल्या सर्वांनी खावे. त्या कामी मला शेवया उपयोगी पडल्या.

शेवया म्हणजे आपल्या घरच्या नूडल्सच. चैत्र-वैशाखात पाटावर वळून काठीवर वाळत घालायच्या, डबा भरून ठेवायच्या आणि वर्षभर खायच्या. आता यंत्रावर करून आणतो, तरी चव तीच. आपण खीर सोडून त्यांचे फारसे काही करत नाही, म्हणून त्या दुधाच्याच वाटतात, इतकेच.

आता पुड्यातल्या झटपट नूडल्सचे पाहू. त्या जपानात १९५८ साली मोमोफुकु आंदो यांनी काढल्या. त्या बहुधा मैद्याच्या व तळून वाळवलेल्या असतात आणि मसाल्याच्या पुडीत मीठ पुष्कळ असते. कधीमधी खायला हरकत नाही, पण एका लहान पुड्यात साधारण ७० ग्रॅम माल. वाढत्या वयाच्या मुलाचे त्यात काय भागणार? पुडा घ्यायचा झाला तर मागची बाजू वाचावी. हिरवा ठिपका म्हणजे अंडे-मांस नाही. पण दुधाची भुकटी असू शकते. व्हीगन मालासाठी सरकारने २०२२ साली वेगळे नियम केले आणि त्याला वेगळे चिन्ह दिले आहे. ते चिन्ह नसेल तर जिन्नस वाचूनच खात्री करावी.

आता कृती सांगते. चौघांसाठी पावकिलो गव्हाच्या शेवया घ्याव्यात. चमचाभर तेलावर मंद आचेने बदामी भाजाव्यात. तुपाची आठवण येत नाही, भाजल्याचाच वास पुरतो. भरपूर पाण्याला उकळी आणून मीठ घालावे आणि शेवया सोडाव्यात. बारीक असतील तर दोन-तीन मिनिटांत होतात. एक बोटांनी दाबून पाहावी. मऊ लागली पण पीठ झाली नाही, की लगेच चाळणीत ओतावी. वर गार पाणी घालून चमचाभर तेल चोळावे, म्हणजे गोळा होत नाही. निथळलेले पाणी फेकू नये, आमटीत घालावे.

दुसरीकडे कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता, लसूण, हिरवी मिरची आणि उभा चिरलेला कांदा परतावा. त्यात मोड आलेले मूग दोन वाट्या घालून पाण्याचा हबका मारावा व झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफ आणावी. मग कोबी, गाजर, ढोबळी मिरची, बाजारात त्या दिवशी जे स्वस्त असेल ते घालावे. शेवटी शेवया, मूठभर शेंगदाण्याचे कूट, कोथिंबीर आणि लिंबू. मुलांना चायनीज हवे असेल तर मोहरी-कढीपत्ता गाळून आले-लसूण जास्त घ्यावे आणि चमचाभर सोया सॉस टाकावा. सॉस खारट असतो, तेव्हा मीठ बेताने.

यात मूग आणि शेंगदाणे मी मुद्दाम सांगितले. नुसत्या शेवयांनी पोट भरते, पण तासाभराने पुन्हा भूक लागते. गव्हात जे कमी असते ते डाळी-कडधान्यांत असते. दोन्ही मिळून चांगले जेवण होते. लिंबामुळे कडधान्यातले लोह अंगी लागते. सासूबाईंच्या ताकदीच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच होते. मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बी-१२ हे जीवनसत्त्व भाजी-धान्यातून मिळत नाही. ज्यांनी दूध-अंडे कायमचे सोडले आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून त्याची गोळी घ्यावी. यात हयगय करू नये.

पावसाळ्यात दुसरा प्रकार करावा. तुरीचे पातळ वरण, त्यात चिंच, गूळ आणि गोडा मसाला घालून उकळी आणावी व भाजलेल्या शेवया त्यातच शिजवाव्यात. चकोल्या करतो तसेच, पण लाटण्याचे काम वाचते. वरून तुपाऐवजी लसणीची तेलाची फोडणी द्यावी.

डब्यात तुटक्या कुरडया उरल्या असतील तर त्या गरम पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवून कांद्याच्या फोडणीवर परताव्यात. पण कुरडई ही गव्हाच्या चिकाची. कोंडा आणि गव्हातले बरेचसे सत्त्व चोथ्यात जाते. म्हणून तिच्याबरोबर मटकीची उसळ हवीच.

गोडाचेही अडत नाही. कोकणातल्या भगिनींना शिरवळ्या ठाऊक आहेत. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवून गरम असतानाच साच्यातून दाबायचे आणि नारळाच्या दुधात गूळ-वेलदोडा घालून केलेल्या रसाबरोबर खायचे. त्यात गाईम्हशीच्या दुधाचा थेंब नाही, आणि पाहुण्यांना वाढायला कमीपणाही नाही. गव्हाच्या शेवयांची खीरही नारळाच्या दुधात होते. फक्त ते दूध घातल्यावर उकळू नये, फाटते.

शेवटी एक मनातले बोलते. शेवया गार झाल्या की चिकटतात. सर्वांना वाढून, मागचे आवरून आपण जेवायला बसतो तोवर आपल्या वाट्याला गोळाच येतो. पोळ्यांचे तसे नाही, त्या एकेक लाटून वाढाव्या लागतात. हे जेवण मात्र एकदम तयार होते. तेव्हा पातेले मध्ये ठेवावे, ज्याचे त्याने वाढून घ्यावे आणि आपणही त्याच वेळी आपले ताट मांडावे. आमच्या घरी आता त्या तीन दिवशी आजी-नात शेजारी बसतात. सासूबाई आपल्या ताटात वरून तूप घेतात, मुलगी घेत नाही. कोणी कोणाला बोलत नाही. आणि मी गरम जेवते.

पुढच्या उन्हाळ्यात मंडळात वाळवणे घालू, तेव्हा शेवया जरा जास्त कराव्यात अशी माझी सूचना आहे.