चौथी बाई लागते



या वेळेला तुम्ही रेडिओ लावता तेव्हा कधी बचतगटाचे हप्ते ऐकता, कधी रक्तातलं लोह, कधी कपाशीवरची बोंडअळी. आज मी खेळाबद्दल बोलणार आहे. पोरांच्या खेळाबद्दल नाही, आपल्या. चल्लस-आठ, सारीपाट, सापशिडी, लुडो. फासा टाकायचा नाहीतर कवड्या फेकायच्या, पडेल तेवढी घरं पुढं जायचं, आणि जो आधी पोचला तो जिंकला. डोकं थोडं, नशीब भरपूर, आणि हसणं त्याहून जास्त.

आता काही जणी म्हणतील, बाई, आम्हाला वेळ कुठंय? पहाटे पाचला उठायचं, पाणी, चूल, शेत, ढोरं. मला कबूल आहे. पण पुरुष माणूस पारावर दोन तास बसला तर तो बसलेला असतो, आणि बाई ओट्यावर अर्धा तास बसली तर ती रिकामटेकडी होते, हेही तुम्हाला माहीत आहे. म्हणून आपण बसतो तेव्हा हातात काहीतरी धरतो. तांदूळ निवडतो, वाती वळतो, भुईमुगाच्या शेंगा फोडतो. हातात काम असलं की बसायला परवानगी. नुसतं खेळायला बसलेली बाई गेल्या वर्षात तुम्ही किती वेळा पाहिली? आठवून बघा.

आपल्या खानदेशात वर्षातून एकदा तरी ती दिसते. आखाजीला. लेकी माहेरी येतात, गौराई मांडली जाते, निंबाला झोका बांधतात, गाणी होतात. त्याच आखाजीला त्याच गावात दुसऱ्या झाडाखाली गडीमाणसांचे पत्ते चालू असतात, पैशांवर. सणाचं नाव घेऊन बसायचं आणि बियाण्याला ठेवलेले पैसे तिथं सोडून उठायचं, असं बऱ्याच घरांनी पाहिलंय. म्हणून खेळ म्हटलं की आपल्या बायांच्या पोटात गोळा येतो. आणि वरून द्रौपदीची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली.

त्या गोष्टीचं मला नेहमी वाटतं, की बिचाऱ्या पटाला उगीच बोल लागला. शकुनीच्या फाशात नशीब नव्हतंच, त्याला हवं ते दान पडत होतं. आणि धर्मराजानं पणाला काय लावलं? राज्य, भाऊ, शेवटी बायको. पणाला लावू नये ते लावलं. सोंगट्यांनी काय केलं होतं? माझा तर साधा नियम आहे: ज्या खेळात हरल्यावर उद्याच्या भाजीला पैसे कमी पडतात, तो खेळ नाही. आमच्या गटात पण लागतो तो चहाचा. हरणारी चहा करते, आणि तो सगळ्या पितात, हरलेलीसुद्धा.

देवानंही हा खेळ वर्ज्य मानलेला नाही. चाळीसगाववरून कन्नडचा घाट चढून वेरूळला गेलात, तर लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत, एका नाही, दोन-तीन लेण्यांमध्ये. रामेश्वर म्हणतात त्या एकविसाव्या लेण्यात बघा. वर नवराबायकोचा डाव रंगलाय, आणि खाली गणांची नंदीशी मस्ती चाललीय. दीड हजार वर्षांच्या आसपासचं काम आहे. कारागिराला कैलासातलं रोजचं घर दाखवायचं होतं, तर त्याला सारीपाट सुचला. आपल्याकडं लग्नानंतर नवरानवरीला हळदीच्या पाण्यातली अंगठी शोधायला लावतात, सुपारी सोडवायला लावतात, तेही मला त्याच जातीचं वाटतं. आधी खेळा, संसार नंतर.

सारीपाटाची भावकी मोठी आहे. कवड्यांवर खेळतात ती पचीशी, कारण मोठ्यात मोठं दान पंचवीसचं. फुलीसारखा कापडी पट, चार बाह्या, प्रत्येक बाहीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी. फत्तेपूर सिक्रीला बादशहाच्या वाड्यात अंगणातच दगडी पट आखलेला आहे. सांगतात की तिथं अकबर खेळायचा आणि सोंगट्यांच्या जागी दासी उभ्या करायचा. बादशहा बसलेला, बाया घराघरांतून चालतायत! असो. पुढं इंग्रजांनी ही पचीशी उचलली, कवड्या काढून ठोकळ्याचा फासा दिला, नियम सोपे केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिला लुडो नाव देऊन विकायला काढलं. लुडो म्हणजे लॅटिन भाषेत ‘मी खेळतो’. तोच लुडो पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडं परत आला आणि आपण तो दुकानातून विकत आणला.

सापशिडीचंही तसंच. आपल्याकडं तिला मोक्षपट म्हणत, आणि परंपरेनं तिचं नातं ज्ञानेश्वर माऊलींशी सांगतात. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटच्या घरी मोक्ष. जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप जास्त असायचे. आयुष्य बघूनच आखले असतील. आता बाजारात मिळते तिच्यात गुणदोष काही राहिले नाहीत, पण अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या घरातला तो साप मात्र राहिलाय. त्यानं गिळल्यावर सहा वर्षांचं पोर आणि सत्तर वर्षांची आजी एकसारख्या ओरडतात.

पण माझा जीव आहे तो चल्लस-आठवर. याला कुणी नुसतं चल्लस म्हणतं, कुणी अष्टचंग म्हणतं, गावागणिक नाव बदलतं. पैसा लागत नाही. जमिनीवर खडूनं नाहीतर कोळशानं पाच बाय पाच घरं आखायची, पंचवीस. प्रत्येक बाजूच्या मधल्या घरात फुली मारायची. ती तुमची आपापली घरं, तिथं कुणी कुणाला मारत नाही. अगदी मधल्या घरात पाचवी फुली, तिथं सगळ्यांना पोचायचंय. प्रत्येकीच्या चार सोंगट्या: एकीच्या बांगडीच्या काचा, एकीचे खडे, एकीचे तुरीचे दाणे, एकीची बटणं. बाहेरच्या सोळा घरांतून एका दिशेनं फिरायचं, मग आतल्या आठ घरांत शिरून उलट्या दिशेनं, आणि मग मध्यात. दुसरीच्या सोंगटीच्या घरात तुमची सोंगटी पडली की ती मेली, पहिल्यापासून सुरुवात. आणि गंमत अशी की निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. कितीही गरीब स्वभावाची बाई असो, एकदा तरी कुणाला तरी मारावंच लागतं.

दान टाकायला दोन चिंचोके फोडायचे, म्हणजे चार फाका होतात. दगडावर घासून पांढरी बाजू सपाट करायची. एक पांढरी वर आली तर एक, दोन आल्या तर दोन, तीन तर तीन. चारही पांढऱ्या म्हणजे चल्लस, चार घरं. चारही काळ्या पडल्या म्हणजे आठ. चल्लस आणि आठ पडलं की पुन्हा एकदा टाकायला मिळतं.

यातलं एक गणित सांगते. मला शाळेत गणित कधी आवडलं नाही, पण हे आवडलं. चार फाका एकूण सोळा तऱ्हेनं पडू शकतात. त्यांतल्या सहा तऱ्हांत दोन येतात. एक यायच्या चार तऱ्हा, तीन यायच्या चार. चल्लसची फक्त एक आणि आठची फक्त एक. म्हणजे फाका सारख्या घासलेल्या असतील तर सोळा वेळा टाकल्यावर साधारण सहादा दोन पडणार, आणि आठ एकदा पडलं तर पडलं. मग वैरीण तुमच्या मागं दोन घरांवर उभी असेल तर जिवाला धोका आहे, तिथून हला. ती पाच, सहा किंवा सात घरं मागं असेल तर निवांत राहा, कारण एका फेकीत पाच, सहा, सात पडतच नाहीत. आधी चल्लस पडावं लागतं आणि वर पुन्हा नेमकं दान. आमच्या गल्लीतल्या आजींना अक्षरओळख नाही, पण दोन घरांच्या टप्प्यात त्या कधी सोंगटी ठेवत नाहीत. ‘दोन लई येतस व माय,’ एवढंच म्हणतात. त्यांनी हे सोळाचं गणित पन्नास वर्षं टाकून टाकून काढलंय.

लुडोतही पोरं रडतात की मला सहा पडतच नाही, फासा खोटा आहे. फासा बहुतेक वेळा खरा असतो. चार वेळा टाकून एकदाही सहा न पडणं हे जवळजवळ निम्म्या वेळा होतं. बारा वेळा टाकूनही न पडणं शंभरात अकरा वेळा होतं. पोराला सांगा, तुझ्यावर कुणाचा राग नाही, टाकत राहा.

आता मुद्द्याचं बोलते. नशिबाचा खेळ मला का आवडतो? बुद्धिबळात शिकलेली जिंकते, कबड्डीत तरणी जिंकते. इथं कोण जिंकेल ते चिंचोके ठरवतात. घरात मात्र सगळं आधीच ठरलेलं असतं: आधी कोण जेवणार, पैसे कुणाकडं राहणार, कुणी कुणापुढं आवाज चढवायचा नाही. पटावर सासूची सोंगटी आणि सुनेची सोंगटी सारख्याच बारक्या. आमच्याकडं एक सून आहे, लग्नाला चार वर्षं झाली, सासूपुढं डोक्यावरचा पदर आणि तोंडातला शब्द दोन्ही सांभाळून असायची. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी, बाहेर झड लागलेली, तांबट आळीतली ठोकाठोकसुद्धा पावसात ऐकू येत नव्हती, तेव्हा तिला आठ पडलं. सासूची सोंगटी मध्याच्या दारात उभी होती, ती मेली. पोरगी ओरडली, ‘आठ पडनात व माय!’ आणि मग स्वतःच घाबरून तोंडावर हात ठेवला. सासूनं मेलेली सोंगटी उचलली, पहिल्या घरी ठेवली आणि म्हणाली, ‘टाक, आठ पडनात ना, तुनी बारी शे.’ तेवढंच. त्या घरात लगेच सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पण त्या दोघी आता एका बाजूनं भांडतात, नियमांवरून, आमच्याशी.

आणि दुसरी गोष्ट चौथ्या बाईची. चल्लसला चार घरं असतात. तीन जणींत खेळता येतं, पण एक घर ओस दिसतं. आमच्या गल्लीत एक बाई आहे, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, वय पस्तीसही नसेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नाही, आणि तीही दार लोटून आत बसते. त्या पावसाळ्यात आम्हाला चौथी कमी पडत होती. आजींनीच हाक मारली, ‘ये व, चौथी बाई लागस.’ ती आली. पटावर काय, फुलीवर बसायला कपाळावर कुंकू लागत नाही. पहिल्या डावात ती काही बोलली नाही, दुसऱ्यात तिनं माझ्या दोन सोंगट्या मारल्या. तेव्हापासून ती येते. यंदाच्या संक्रांतीला आम्ही वाण द्यायला आणि पट मांडायला एकच दुपार धरली. कोण हळदीकुंकवाला आलं आणि कोण खेळायला आलं, ते कुणी विचारलं नाही. एकदोघींनी नाकं मुरडली, पुढच्या वेळी बघू म्हणून गेल्या. पुढच्या वेळी त्या आल्या, कारण त्यांच्या घरी चहा आणि हसणं दोन्ही नव्हतं.

मोबाइलवरच्या लुडोबद्दल दोन शब्द. टाळेबंदीच्या दिवसांत, २०२० साली, घराघरांत तो आला. लांब राहणाऱ्या लेकीशी खेळायला तो चांगलाच आहे, माझी त्याच्याशी दुष्मनी नाही. पण पैसे लावायला सांगणारे खेळ त्याच्या पाठोपाठ आले. लुडो हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. तेव्हा घरातला पोरगा रात्री अंथरुणात ‘नुसता लुडो’ खेळत असेल तर एकदा विचारा, पैसे टाकावे लागतात का. पारावरच्या पत्त्यात निदान कोण जिंकलं त्याचं तोंड तरी दिसतं.

आज संध्याकाळी सुरुवात करायची असेल तर जुन्या लुगड्याचा नाहीतर गोणपाटाचा हातभर चौकोन घ्या, त्यावर रंगीत दोऱ्यानं घरं टाचा. आखणी पुसली जाण्याची भानगड राहत नाही, घडी घालून फडताळात ठेवता येतो. गटाच्या बैठकीला वही आणि पेटीबरोबर तोही न्या. हप्ते जमा होईपर्यंत उशिरा येणाऱ्यांची वाट बघत आपण बसतोच, तेवढ्यात अर्धा डाव होतो. आमच्या गटात उशिरा येणं त्यामुळं कमी झालंय, कारण उशिरा आलेलीला डावात जागा मिळत नाही.

एक भांडण मात्र आमच्यात अजून मिटलेलं नाही. लागोपाठ तीन वेळा चल्लस किंवा आठ पडलं तर तिन्ही दानं जळतात, असं आजी म्हणतात. माझ्या जाऊबाई चोपड्याच्या, त्या म्हणतात की आमच्याकडं तिन्ही मोजतात. परवा त्यांनाच लागोपाठ तीन पडली. तुमच्या गावात काय चालतं ते रेडिओच्या पत्त्यावर कळवा. तोवर पट तसाच मांडून ठेवलाय, आणि वर टोपली झाकलीय, मांजर सोंगट्या हलवतं म्हणून.