पऱ्हाटीचा कोळसा



सॉफ्टवेअरवाली शेतीवर बोलणार म्हणून मागच्या बाकावरून हसू ऐकू येतंय. हसा. बाबाही हसले होते.

यवतमाळकडच्या आमच्या पाच एकरांत कपाशी निघाली की पऱ्हाटी पेटवायची, हा नेम. बोंडअळी मरते, वावर मोकळं होतं. पण पऱ्हाटीतला कार्बन धुरावाटे हवेत जातो. तीच पऱ्हाटी निमुळत्या खड्ड्यात थराथराने जाळायची. वरचा जाळ खालच्या थरापर्यंत हवा पोहोचू देत नाही. राख व्हायच्या आत पाणी ओतून विझवलं की कोळसा उरतो, वजनाच्या जेमतेम पाव हिस्सा. त्यातला बराचसा कार्बन शेकडो वर्षं मातीत टिकतो, आणि कोळशाच्या बारीक छिद्रांत ओल धरून राहते.

पहिल्या वर्षी मी हुशारी केली. कोरडा कोळसा तसाच मातीत मिसळला. त्याने नत्र स्वतःतच धरून ठेवलं नि कपाशी पिवळी पडली. बाबा काही बोलले नाहीत. युरियाचं पोतं मात्र तेच घेऊन आले. आता कोळसा आधी शेणकाल्यात भिजवतो, शेणखतात मुरवतो, मगच घालतो.

उत्पन्न वाढलं, असं मी म्हणणार नाही. काळ्या जमिनीत तर फरकच दिसला नाही. मुरमाड तुकड्यात मात्र ओल जास्त दिवस टिकते. हे बाबांचं निरीक्षण, माझं नव्हे.

यंदाचा खड्डा त्यांनीच खणून ठेवलाय. ज्यांची शेती अजून आहे त्यांनी मार्चमध्ये बघायला या. पाण्याचे ड्रम कमी पडतात, तेवढे घेऊन या.